पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट आणि १०४० फुटांचा हिशोब: सांगलीतलं एक प्रकरण

हे माझ्या मामेबहिणीच्या घराचं प्रकरण आहे. तिला विचारूनच लिहितोय. बिल्डरचं आणि बिल्डिंगचं नाव मुद्दाम देत नाही, काही बारकावेही थोडे बदललेत म्हणजे कुणाची ओळख पटू नये. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, नऊ वर्षं साइटवर काम करतोय, तरी यात सुरुवातीची एक चूक माझीच आहे, ती पुढं येईलच. लिहायचं कारण एवढंच की आमच्या घरात घेतलेला हा पहिलाच फ्लॅट, आणि जे शब्द आम्ही रोज ऐकत होतो त्यांचा अर्थ आम्हाला पैसे भरायला लागल्यावर कळत गेला.

पार्श्वभूमी

आक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, दाजी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर, मुलगी सातवीत. विश्रामबागला आठ वर्षं भाड्यानं राहात होते. आक्काचं माहेर म्हणजे माझ्या मामाचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा त्या घरात पाणी शिरलं, मामीला मांडीएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं, कपाटातली कागदपत्रं, आक्काच्या लग्नाचे फोटो, सगळं गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, त्यावर बारा फूट म्हणजे काय ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल. २०२१ ला परत तीच धावपळ. त्यामुळं घर घ्यायचं ठरल्यावर आक्काची एकच अट होती, वर पाहिजे, जितकं वर मिळेल तितकं वर.

बजेट साधारण ३८-४० लाख. त्यात १० स्वतःचे, बाकी लोन.

२०२२ च्या दिवाळीत शंभर फुटी रोडपासून आत एका साइटवर गेले. स्टिल्ट (खालचा उघडा पार्किंगचा मजला) अधिक पाच मजले, दुसरा स्लॅब पडलेला. सेल्सच्या मुलानं सांगितलं, १०४० चा टूबीएचके, ३,६०० चा रेट, टॉप फ्लोअर, हवेशीर, गुढीपाडवा २०२४ ला चावी. १०४० गुणिले ३,६०० म्हणजे ३७ लाख ४४ हजार. दाजींनी ब्रोशरचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवले, मी साइटवर सेंटरिंग तपासत होतो, घाईत बघून लिहिलं, "चांगलं वाटतंय, एरिया भारी आहे." पाडव्याचा मुहूर्त म्हणून त्यांनी ५१ हजार टोकन भरलं आणि एक चिठ्ठी घेतली. चिठ्ठीवर फ्लॅट नंबर, रक्कम आणि "१०४० चौ. फूट", बास. हे १०४० कसले, ते कुठंच नव्हतं. मी तेव्हा एक प्रश्न विचारला असता तर पुढचे दोन महिने वाचले असते, हे मला आजही लागतं.

अडचण कुठून सुरू झाली

नोव्हेंबरात साठेखताचा म्हणजे बिल्डरबरोबरच्या खरेदी कराराचा मसुदा आला. त्यात लिहिलेलं, चटई क्षेत्र म्हणजे कार्पेट ६०.२ चौ.मी., लगतची बाल्कनी ५.६ चौ.मी. आक्कानं मोबाइलवर गुणाकार केला (१०.७६४ नं गुणायचं) आणि मला फोन केला, आवाज रडवेला. "अरे ६४८ च येतायत. माझे चारशे फूट कुठं गेले?"

चारशे फूट कुठंच गेले नव्हते, ते तिचे कधी नव्हतेच. रेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टसाठीचा कायदा, त्याच्या व्याख्येप्रमाणं कार्पेट म्हणजे फ्लॅटच्या आतली वापरायची जागा, आतल्या पार्टिशन भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस सोडून. बिल्टअप म्हणजे त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी मिळवली. आणि सुपर बिल्टअप किंवा सेलेबल म्हणजे त्यावर जिना, लिफ्ट, लॉबी, वॉचमनची खोली यातला तुमचा वाटा चढवला, ज्याला साइटवर लोडिंग म्हणतात. लोडिंग किती लावायचं याला काही माप नाही. इथं कार्पेटवर जवळपास ६० टक्के लावलं होतं. २०१७ पासून रेरा पूर्ण लागू आहे आणि विक्री कार्पेटवरच व्हायला पाहिजे, कागदावर ती तशी होतेच, पण तोंडी बोलणं अजून जुन्याच भाषेत चालतं आणि माणूस निर्णय घेतो तो तोंडी बोलण्यावर.

मग मी वहीत मांडून दाखवलं. ३७.४४ लाख भागिले ६४८, म्हणजे खरा रेट पडतो ५,७७८. त्याच आठवड्यात तिनं कुपवाडच्या बाजूला एक रिसेल फ्लॅट "४,१०० रेट, महाग आहे" म्हणून सोडला होता. तो ८८० बिल्टअपवर होता, कार्पेट ६२.८ मीटर म्हणजे ६७६ फूट, एकूण ३६ लाख ८ हजार, कार्पेटचा रेट ५,३३७. म्हणजे ३,६०० वाला महाग आणि ४,१०० वाला स्वस्त. आक्का बराच वेळ त्या वहीकडं बघत बसली होती.

पण खरी अडचण ही नव्हती, ती बँकेतनं कळली.

मधे बिल्डरच्या ऑफिसातनं फोन आला होता की साठेखताआधी ५ लाख भरा म्हणजे फ्लॅट ब्लॉक करतो, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे. दाजी आरटीजीएसचा फॉर्म भरून बसले होते. हा पहिला निर्णायक क्षण, आणि इथं मात्र मी वेळेवर पोचलो. साठेखत रजिस्टर झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, कायद्यातच आहे. १० टक्के म्हणजे ३ लाख ७४ हजार. आम्ही कळवलं, आधी लोनची फाइल टाकतो, मग बोलू. दुसरी पार्टी काही आली नाही.

बँकेच्या वकिलानं जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा सर्च काढला, सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश, सगळं नीट निघालं. मग बँकेचा व्हॅल्युअर म्हणजे किंमत ठरवणारा माणूस साइटवर गेला आणि त्यानं रिपोर्टात लिहिलं की मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे सीसी स्टिल्ट अधिक चार मजल्यांचंच आहे. पाचवा मजला मंजूर नाही.

आक्काचा फ्लॅट पाचव्यावर.

पाचवा मजला नव्हता तो का

हे जरा सविस्तर सांगतो कारण फ्लॅट बघायला गेलेल्या कुणालाच हे दिसत नाही. प्लॉटवर किती बांधता येतं ते एफएसआयवर, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम चालतं त्यावर, ठरतं. दहा गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे १०,८९० चौ. फूट (गुंठा १,०८९ चा), त्याला मूळ एफएसआय १.१ धरला तर साधारण ११,९७९ फूट बांधकाम. त्याच्यावर बांधायचं असेल तर बिल्डर महापालिकेला पैसे भरून प्रीमियम एफएसआय घेतो किंवा टीडीआर म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा बांधकामाचा हक्क विकत घेऊन लोड करतो, मग सुधारित नकाशा मंजूर करून घेतो. यात बेकायदेशीर काही नाही, सगळेच करतात. फक्त मंजुरी यायच्या आधी तो मजला विकायला काढला की धोका घेणाऱ्याच्या गळ्यात. बिल्डर म्हणाला, "सर फाइल टाकलीय, महिन्याभरात होऊन जाईल." खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही, फाइल टाकलेली होतीच. पण महारेराच्या (रेरा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) वेबसाइटवर त्या प्रोजेक्टच्या पानावर मंजूर आणि प्रस्तावित असे दोन वेगळे आकडे पहिल्या दिवसापासून होते. आम्ही ते पान उघडलंच नव्हतं, ब्रोशरवर रेरा नंबर छापलाय एवढं बघून समाधान मानलं. नंबर असणं म्हणजे प्रोजेक्ट नोंदवलेला आहे, त्यातलं सगळं मंजूर आहे असं नाही.

आणि सगळ्यात वाईट मला याचं वाटलं की आक्का पुराच्या भीतीनं वर वर गेली आणि नेमकी कागदावर नसलेल्या मजल्यावर जाऊन पोचली.

पर्याय काय काय होते

त्या रविवारी मामाच्या घरी बसलो, मामा, मामी, आक्का, दाजी आणि मी.

पाचव्यावरच थांबायचं, मंजुरीची वाट बघायची, हा पहिला. बँक तोवर एक रुपया देणार नव्हती. बिल्डर म्हणत होता स्वतःचे १० लाख भरून ठेवा, रेट लॉक होईल. मी स्पष्ट सांगितलं, नको. मंजुरी अडकली तर त्या मजल्याला भोगवटा म्हणजे वापरायच्या परवानगीचा दाखला मिळणार नाही, आणि भोगवटा नसलेल्या फ्लॅटला पुढं नळ, मीटर, घरपट्टी, परत विक्री, प्रत्येक ठिकाणी अडतं.

दुसरा पर्याय दाजींच्या मित्रानं सुचवलेला, दीड गुंठा गुंठेवारीतला (रीतसर मंजुरीशिवाय गुंठ्यांत तुकडे पाडून विकलेला) प्लॉट घेऊन स्वतःच घर बांधायचं. सांगलीत हे खूप आहे आणि त्यात चांगली घरं उभी आहेत. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. पण हा प्लॉट नोटरीवर विकलेला, सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाच्या पाच वारसांची नावं, नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नाही. जमीन स्वस्त का आहे ते कागद बघितल्यावर कळलं. सोडला.

तिसरा, तो कुपवाडचा रिसेल. अकरा वर्षांची बिल्डिंग, भोगवटा प्रमाणपत्र हातात, जीएसटी शून्य, आणि वर हिशोबात दाखवलं तसं स्वस्तही. माझं मत होतं हाच घ्यावा. सोसायटीच्या नावावर जमिनीचं कन्व्हेयन्स म्हणजे अभिहस्तांतरण अजून झालेलं नव्हतं ही एक कमतरता, पण त्याच्यावर उपाय आहे. तो फ्लॅट मात्र तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. मामी आता आक्काकडं राहणार होती, गुडघे गेलेले. आक्का म्हणाली, "आईला तीन जिने कसे चढवू रे?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

चौथा, त्याच नव्या बिल्डिंगमधे खालच्या मजल्यावर यायचं. तिसऱ्यावर त्याच नकाशाचा एक फ्लॅट शिल्लक होता, पश्चिमेला तोंड म्हणून राहिलेला. बिल्डर ३८ लाख ६० हजार म्हणत होता.

पुराचा प्रश्न मी वेगळा काढला, कारण आक्काला तिसरा मजला "खाली" वाटत होता. तिला साइटवर घेऊन गेलो. नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवीन बांधकाम नाही, निळी आणि लालच्या मधे अटी घालून, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा निदान ४५ सेंटिमीटर उंच ठेवून परवानगी मिळते. हा प्लॉट लाल रेषेच्या बाहेर होता. तरी शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारलं, त्यानं शटरवरची २०१९ ची खूण दाखवली, रस्त्यापासून साधारण गुडघाभर, नाल्याचं पाणी उलटं फिरून आलेलं. म्हणजे पहिल्या मजल्यावरही घरात पाणी यायचा प्रश्न नव्हता. पाणी येणार ते स्टिल्टमधे, जिथं गाड्या, मीटरचं पॅनेल, पाण्याची मोटर आणि खालची टाकी असते. मग विचारायचं ते हे, की मीटर किती उंचीवर बसवणार, मोटर कुठं, खालच्या टाकीचं तोंड जमिनीपासून किती वर. कितव्या मजल्यावर राहता यापेक्षा पुराच्या चार दिवसांत लिफ्ट आणि पाणी चालू राहतं का हे मामीसाठी जास्त महत्त्वाचं, असं मी सांगितलं, ते तिला पटलं.

काय केलं

चौथा पर्याय. माझ्या मतापेक्षा वेगळा, पण तिच्या घरात कोण राहणार ते तिला जास्त माहीत.

बोलणी मी आणि दाजींनी केली, आणि फूट हा शब्दच काढायचा नाही असं ठरवून गेलो. ६०.२ मीटर कार्पेटची एकूण किंमत किती, एवढंच. दोन बैठकांत ३७ लाख ८० हजारांवर आलं, टोकनचे ५१ हजार त्यात धरून.

मग कॉस्ट शीट. त्यात जीएसटी ५ टक्के लावला होता. मी थांबवलं आणि दाजींच्या ओळखीच्या सीएला फोन लावला. चालू बांधकामातलं घर परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का, नाहीतर ५. सांगलीसारख्या महानगर नसलेल्या ठिकाणी कार्पेट ९० चौ.मी. पर्यंत आणि वरचे चार्जेस धरून किंमत ४५ लाखांपर्यंत. आमचं दोन्हीत बसत होतं. ५ टक्क्यांनी १ लाख ८९ हजार, १ टक्क्यानं ३७ हजार ८००, फरक दीड लाखाचा! अकाउंटंट म्हणाला छापील फॉर्मॅट आहे, चुकून राहिलं. दुरुस्त करून दिलं. बिल्डिंग पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आल्यावर सगळे पैसे दिले तर जीएसटी लागतच नाही, पण एवढी थांबायची आमची तयारी नव्हती आणि टोकन तर आधीच गेलं होतं.

स्टॅम्प ड्युटी आमच्याकडं महापालिका हद्दीत ६ टक्के, रेडी रेकनरची म्हणजे सरकारनं ठरवलेली किंमत आणि व्यवहाराची किंमत यातली जी जास्त तिच्यावर. फक्त बाईच्या नावावर घर असेल तर १ टक्का सूट. दाजींनी एका सेकंदात सांगितलं, तिच्या एकटीच्या नावावर करा. ३७ हजार ८०० वाचले. लोनला ते सहअर्जदार राहिले. नोंदणी फी ३० हजार, त्याच्या वर जात नाही.

साठेखताचा मसुदा आम्ही दोन रात्री बसून वाचला, आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. बिल्डरच्या हप्त्यांच्या तक्त्यात गिलाव्यापर्यंतच ९५ टक्के मागितलेले. महारेराच्या नमुना करारात जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब झाले की ७० पर्यंत, भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्या की ७५ पर्यंत, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा आल्यावर ताबा देताना. तसा तक्ता करून घेतला. हे का महत्त्वाचं, तर पैसे आधी गेले की काम ढिलं पडतं, हे मी साइटवर राहून सांगतोय. ओपन पार्किंगचे ७५ हजार लावले होते, उघड्या जागेतलं पार्किंग विकता येत नाही, ते काढायला लावलं. आणि ताब्याची तारीख. सेल्सचा मुलगा म्हणालेला गुढीपाडवा २०२४, करारात आणि रेराच्या पानावर ३१ डिसेंबर २०२४. यात बिल्डर बदल करायला तयार नव्हता, आम्ही भाड्याचे नऊ महिने जास्त धरून हिशोब परत मांडला आणि सही केली. जानेवारी २०२३ मधे दुय्यम निबंधकाकडं साठेखत रजिस्टर झालं, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा हातात आला, त्यानंतरच पहिला मोठा चेक गेला.

निकाल काय लागला

चार मजल्यांपुरता भोगवटा २०२५ च्या फेब्रुवारीत आला, अक्षय तृतीयेला आक्का राहायला गेली. करारातल्या तारखेपासून उशीर झाला त्याचं व्याज मागता आलं असतं, एसबीआयचा सगळ्यात जास्तीचा एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा आधार दर) अधिक २ टक्के असा दर असतो, पण तिनं मागितलं नाही, मलाही ते ताणावंसं वाटलं नाही. पावसाळ्यात बाथरूमच्या खालच्या कोपऱ्यात ओल आली. ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो, तक्रार लेखी दिली, तीस दिवसांच्या आत माणसं आली, फरशी उकरून परत वॉटरप्रूफिंग करून कोबा केला. तोंडी सांगितलं असतं तर इतक्या लवकर झालं असतं असं मला वाटत नाही.

पाचव्या मजल्याची सुधारित मंजुरी, जी महिन्याभरात होणार होती, ती यायला दीड वर्ष लागलं. तिथं दोन कुटुंबांनी स्वतःचे पैसे भरले होते, लोन न काढता. आक्काला चावी मिळाली तेव्हा त्यांच्या फ्लॅटला खिडक्याही नव्हत्या. त्यातले एक काका लिफ्टमधे भेटले की आक्काला विचारतात, तुमच्या भावाला जरा आमचे कागद दाखवता का. मी बघितलेत, रेराकडं तक्रार करायचा रस्ता त्यांना सांगितलाय, वकील बघून दिलाय.

वेगळं काय करता आलं असतं

टोकन द्यायच्या आधी तीन गोष्टी बघायला पाहिजे होत्या, महारेराच्या पानावर मंजूर मजले, कार्पेट मीटरमधे, आणि करारातली ताब्याची तारीख. अर्ध्या तासाचं काम. टोकनच्या चिठ्ठीवर "लोन मंजूर न झाल्यास किंवा मंजुरीत त्रुटी आढळल्यास पूर्ण परत" हे एक वाक्य लिहून घ्यायला हवं होतं. ते नसल्यामुळं ५१ हजार अडकल्याची भावना सतत मागं होती, आणि खरं सांगायचं तर चौथा पर्याय निवडण्यात त्या ५१ हजारांचाही थोडा हात होता. रिसेलवाल्याला "लिफ्ट नाही म्हणून किती कमी कराल" हेही आम्ही विचारलं नाही, खाली कुठला फ्लॅट निघतोय का हेही नाही.

एक गोष्ट अजून चालू आहे. ताबा घेताना मी लेझर मीटरनं सगळ्या खोल्या मोजल्या, आतल्या भिंती धरून. ५९.५ मीटर भरले. करारात ६०.२. बिल्डर म्हणतो गिलाव्याच्या जाडीत गेलं आणि ३ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. ३ टक्क्यांच्या पुढं फरक जाऊ नये हे बरोबर, पण त्याच कलमात पुढं लिहिलंय की क्षेत्र कमी भरलं तर किंमत परत मांडायची आणि जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत द्यायचे. ०.७ मीटर म्हणजे साधारण ४४ हजार रुपये. आक्कानं स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिलं, कलम नंबर घातला, मोजमापाचा कागद जोडला, रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोचपावती आलीय. आज एकतिसावा दिवस.